पोलवेडन दोन आहेत

हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.
पेन्झान्सच्या स्टँडवर ऑब्रीआबांनी विचारलं, "पोलवेडन?"
ड्रायव्हर म्हणाला, "बसा, माय हॅन्सम."
एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस कानापर्यंत लाल झाला
आणि बसला.

आबा म्हणजे आईचे वडील, भुसावळ लोको शेडचे फोरमन.
आडनाव पॅस्को, डोळे घारे, आणि बोलणं असं
की तापीकाठच्या कुणीही म्हणावं, हा तर आपलाच.
पणजोबा जिथून निघाले ते गाव
त्यांना मरायच्या आत बघायचं होतं.
हे वाक्य ते वीस वर्षं बोलत होते.
शेवटी मावशी मला म्हणाली, "ने बाई एकदाचे,
म्हणजे मोकळे होतील."

बसनं सोडलं तिथे नुसत्या कॅराव्हॅन.
ओळीनं उभ्या, पांढऱ्या, जशा यार्डात रिकाम्या वाघिणी.
गाऊनमधली एक बाई कुंड्यांना पाणी घालत होती.
तिनं चहा दिला, बिस्किटं दिली, आबांचा नकाशा उलटा धरलाय हे दाखवलं,
मग म्हणाली, चर्चवालं पोलवेडन तीन मैलांवर, शेतांमधून.
"तीन मैल म्हणजे काय," आबा उठले, "साकेगावसुद्धा नाही."

पहिल्याच कुंपणावर ते अडकले.
एक पाय अलीकडे, एक पलीकडे, पँट मधल्या खिळ्याला.
सात गाई जमल्या बघायला.
"सरका ना बयांनो, काय तमाशा आहे का," आबा ओरडले.
मराठी त्यांना कळलं नसावं. त्या अजून जवळ आल्या.
मी पँट सोडवली. थोडी खिळ्यालाच राहिली.

पुढे ते झुडपामागे गेले, मोकळं व्हायला.
मी पाठ करून समुद्राकडे बघत होते
आणि मागून जो आवाज आला
तो मी इंजिनाच्या शिट्टीनंतर पहिल्यांदाच ऐकला.
आग्या होता तिथे. विलायती, पण आग तीच.
उरलेली वाट आबा जरा फाकून चालले
आणि मी हसले नाही, हे देवाला ठाऊक आहे,
किंवा निदान त्या गाईंना.

चर्च मिळालं. थडगंही मिळालं.
शेवाळात पॅस्को, स्पष्ट.
आबा गुडघ्यावर बसले, उठता येणार नाही हे माहीत असून.
खिशातून व्हिक्सची डबी काढली, तिच्यात तापीची वाळू,
कस्टमवाल्यानं तीनदा हुंगलेली.
दगडापाशी ओतली. मग रडले.
मोठ्यानं, नाक शिंकरत, घरी कधीच नाही असे.

हातात कात्री घेऊन एक म्हातारी आली. डेल्मा.
थोडा वेळ थांबली. मग हळूच म्हणाली,
"हे आमचे जॅककाका. एकसष्टमध्ये गेले. दारूचं दुकान होतं."
"एकसष्ट?" आबा म्हणाले, "तेव्हा तर मी फायरमन झालो होतो!"
वाचायचा चष्मा लावायला खिसा चाचपला.
चष्मा कॅराव्हॅनवालीच्या टेबलावर.

मी वाळू गोळा करायला वाकले, पण ती गवतात गेली होती.
"राहू दे," डेल्मा म्हणाली,
"जॅककाका आयुष्यात प्लिमथच्या पुढे गेले नाहीत."

खूप जुने दगड म्हणे उपटून भिंतीला लावलेत.
ते होते, टेकून, पेन्शनीच्या रांगेतल्यासारखे,
एकाच्याही अंगावर नाव नाही.
आबांनी प्रत्येकावर हात फिरवला, बॉयलर तापलाय का बघतात तसा.
काही बोलले नाहीत.

स्टॉपवर आम्ही पेस्टी खाल्ली.
"करंजीत बटाटा भरलाय मेल्यांनी," म्हणाले, आणि माझीही अर्धी संपवली.
शेवटची बस थेट पेन्झान्सची होती, कॅराव्हॅनवरून न जाणारी.

मावशीचा फोन आला. मिळालं का गाव?
आबांनी तो माझ्या हातून घेतला.
"दोन मिळाली," म्हणाले.
"पण एकीकडे चष्मा राहिलाय.
परत यावं लागेल."