ओट्याची उंची

टिळकवाडीत, दुसऱ्या गेटाच्या अलीकडे,
बंगल्याची पाटी दोन लिप्यांत. एकोणीसशे अडतीस.
एका रात्रीचे सहा हजार, न्याहारी वेगळी.
विद्याधर बूट काढायच्या आधीच जिना बघायला धावला:
खाली एकही खांब नाही,
भिंतीतून निघून वळत वर गेलेला,
न तुटता सोललेल्या मोसंब्याच्या सालीसारखा.
हॉलमध्ये चौकट. वास्तुविशारद वामन हुक्केरीकर,
शिक्षण मुंबईत, बेळगावात घरं चार,
त्यातलं हे स्वतःसाठी.
मग उजेडाबद्दल लिहिलेलं, वाऱ्याबद्दल,
खानापुरी कौलांबद्दल,
पश्चिमेची खिडकी मुद्दाम अरुंद का, त्याबद्दल.

मी वांगी आणि मिरच्या ठेवायला
स्वयंपाकघरात गेले.

माझी उंची चार फूट नऊ इंच.
लग्नात हार घालताना मला जास्तीचा एक पाट दिला,
मांडव हसला, मीही हसले.
तो पाट मग माझ्याबरोबर सांगलीला आला
आणि एकतीस वर्षं ओट्यापाशी आहे.
त्याच्यावर चढून आमटी ढवळायची,
उतरून मीठ घ्यायचं, परत चढायचं.

इथला ओटा माझ्या कमरेशी आला.
शहाबादी फरशी, कडेला झिजलेली.
हात टेकले, कोपरं आपली आपण वाकली,
जणू कोणी माझ्याशी बोलायला
खुर्ची ओढून खाली बसलं.

मल्लव्वा दूध घेऊन आली. म्हणाली,
‘लई ठेंगणा हाय अक्का. समदे पावणे
कंबर दुखालीय म्हणून बोंबलत्यात.’
‘असा कुणासाठी बांधला?’
‘घरधनिणीसाठी की हो. माझी सासू हितं भांडी घासायची,
ती सांगायची, बाई एवढीच.’
आणि तिने हात आपल्या खांद्याच्या बराच खाली धरला.
‘चिमक्का म्हणायचे. खरं नाव काय की.’

मी तिच्याकडून ज्वारीचं पीठ मागून घेतलं.
दोघांना चार पुरल्या असत्या, मी नऊ भाकरी केल्या.
थापताना खांदे वर आले नाहीत.
विद्याधर दारात उभा राहून म्हणाला,
सुट्टीला आलोय ना आपण?

रात्री लोंढ्याकडची मालगाडी गेली,
कपाटातल्या बश्या एकमेकींना लागल्या.
पाणी प्यायला उठले. बोळात नकाशा टांगलेला,
निळसर, काचेखाली, मोबाईलच्या उजेडात वाचला.
जिन्याला अकरा मापं.
ओट्याला एकच: दोन फूट पाच.
बाजूला कारण नाही.

त्याने तिला भिंतीशी उभं करून पेन्सिलने खूण केली असेल?
की भाड्याच्या घरात, रोज, पाठमोरी,
टाचा उचललेली बघून
न विचारता हिशेब केला?
की तीच म्हणाली असेल चुलीजवळून,
उजेडाचं नंतर बघा, आधी हे बघा.
शेवटचं मला पटतं. 
पण मला काय पटावं, हे त्या रात्री
माझ्या कोपरांनी ठरवलं होतं.

अंधारात वितींनी मोजलं.
चार विती, वर दोन बोटं. माझी वीत लहान.

सकाळी विद्याधरने पाहुण्यांच्या वहीत
जिन्यावर दीड पान लिहिलं, एक रेखाटनही काढलं.
वही माझ्याकडे सरकवली.
मी पेन हातात घेतलं, तेवढ्यात मल्लव्वा
किल्ली न्यायला आली नि सहज म्हणाली,
पुढच्या महिन्यात गवंडी येणार, ओटा उंच करणार,
वर काळा ग्रॅनाइट. मालक पुण्यासनं फोनवर बोलले.
तिची स्वतःची कंबरही सुटेल म्हणे,
ती माझ्यापेक्षा हातभर उंच.

त्यावर मी काय बोलणार होते.
विचारलं, ‘जुनी फरशी कुठं टाकणार?’

‘टाकतोय कशाला. मागं नळापाशी.
धुणं आपटायला बरी.’