वळचणीचं वारं

बँकेच्या पाटीवर एकशे नऊ.
आम्ही इथे फॅरनहाइटमध्ये भाजतो.
लोडायच्या बाहेर, द्राक्षांच्या रांगा संपतात तिथे
इदालिना बेटनकोर्टचं घर, बसकं, पांढरं,
आणि फोनवर तिचं एकच म्हणणं:
"रात्री दोन वाजता भिंतीला हात लावला
तरी आजारी गायीच्या कुशीसारखी लागते."
चाळीस वर्षं धारा काढल्यात तिनं.
तिला कळणार.

शिडी लावली, पोटमाळ्याची झडप डोक्यानं उचलली.
पहिला श्वास आत गेला
तो बाहेर यायला तयार होईना.
वर खिळ्यांची टोकं, खाली गुलाबी काचलोकर,
आणि मध्ये गुडघ्यांवर, एका तुळईवरून दुसरीवर
मी, साएचाओंचा धाकटा,
ज्याला शाळेत कधी भूगोल जमला नाही
पण वारा कुठे अडलाय एवढं सांगता येतं.

आढ्याचं पाणी वळचणीला, हे सगळ्यांना ठाऊक.
वाऱ्याचं उलटं असतं.
तो वळचणीतून गुपचूप शिरतो,
तापतो, हलका होतो,
आणि आढ्याच्या फटीतून निघून जातो,
जाताना घराचा ताप बरोबर घेऊन.

इथे वळचण बंद होती.
एकूणएक झरोका.
प्लायवूडचे तुकडे, नीट कापलेले,
प्रत्येकाला चार स्क्रू, चारही खाचा एका रेषेत,
कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख.
त्या सप्टेंबरातली, जेव्हा पूर्वेचे डोंगर जळत होते
आणि दुपारी तीनला गाड्यांनी दिवे लावले होते.

खाली येऊन सांगितलं.
ती पातेलं पुसत होती. पुसतच राहिली.
"लौरिंदोनं केलं ते. ठिणगी आत येऊ नये म्हणून.
दोन दिवस वर होता, उतरला तो काळाठिक्कर.
आणि मग पुढच्या वसंतात त्याचा श्वास"
वाक्य तिनं तिथंच ठेवलं,
पातेल्याशेजारी, पालथं.

मी म्हणालो, जाळी मिळते, बारीक,
मोहरी अडकेल एवढ्या भोकांची.
वारा जातो, निखारा अडतो.
"तेव्हा मिळायची?"

मिळायची.

"नसावी," मी म्हणालो,
आणि ड्रिलचं टोक बदलत बसलो,
बदलायची गरज नव्हती तरी.

दोन दिवस लागले. बावीस फळ्या काढल्या,
बावीस जाळ्या ठोकल्या,
बोळाच्या छतात पंखा बसवला, पाटाएवढा रुंद.
फळ्या टाकू नकोस म्हणाली. ओसरीत रचून ठेवल्या.

संध्याकाळी डेल्टाकडून झुळूक निघते,
खाडीचं गार पाणी ओलांडून, उशिरा का होईना, येते.
तिला समजावलं: आधी खिडक्या, मग बटण.
पंखा वारा आणत नाही, बाई,
तो आतली शिळी हवा वर ढकलतो, जागा करतो.
खिडक्या लावलेल्या ठेवल्यात
तर गिझरच्या धुरांड्यातून ओढेल, विषारी धूर घरात.

तिनं खिडक्या उघडल्या. एक खोली सोडून.
बटण दाबलं.
पडदे आत झेपावले, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं,
आणि त्या बंद दाराखालून
बारीक शिट्टी सुरू झाली,
कोणी दात घट्ट मिटून श्वास घ्यावा तशी.

आम्ही दोघं ऐकत उभे.
मी जोडण्या तपासतोय असं दाखवलं.
ती गेली. दार. मग खिडकीची कडी,
गंजलेली, दोनदा ठोकावी लागली.
शिट्टी थांबली.

वारा आला तो शेणाचा वास घेऊन.
द्राक्षांवरच्या गंधकाचा, थोडा ओल्या गवताचा,
पण मुख्य शेणाचा.
"सिल्वेराचा गोठा," ती आतून ओरडली,
"मेला अजून वेळेवर धूत नाही!"
आणि हसली की खोकली,
पंख्याच्या घरघरीत मला नीट कळलं नाही.

पैसे चेकनं दिले.
नाव लिहिलं, आकडा लिहिला.
तारखेच्या जागी पेन जरा थांबलं,
कागदाचा कोपरा वाऱ्यानं उचलला,
तिनं तो तळव्यानं दाबून धरला.