सतरावा खांब

चाळीस वर्षं मी द्राक्षांच्या रांगा दोरीने आखल्या.
ओर्हेईच्या उतारावर खांब असा रोवायचा
की पहिल्यामागे उभं राहून एक डोळा मिटला
तर उरलेले एकशेबारा
त्याच्या पाठीशी लपले पाहिजेत.
लपायचे.

मग एका मार्चात, छाटणीच्या दिवसांत,
सतरावा रांगेबाहेर डोकावला,
प्रार्थनेत चुळबुळणाऱ्या पोरासारखा.
मी गावरिलवर ओरडलो.
त्याने ओळंबा धरला. म्हणाला, काका, सुतात आहे.
मला तर ओळंब्याची दोरीच
पोटाशी वाकलेली दिसत होती.
मी म्हटलं, वारा आहे.
वारा नव्हता.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
पहार घेऊन मी सतरावा उपटला, मग अठरावा,
आणि अंधारायच्या आत
दोन्ही माझ्या डोळ्याला पटतील असे रोवले.
सकाळी शेजारचा तिमोफ्ते कुंपणावर रेलून
बराच वेळ काही बोललाच नाही.
इतका गप्प तो फक्त मयताला असतो.

किशिनाऊच्या डॉक्टरीणबाईंनी
चौकटींचा एक कागद समोर धरला.
मधल्या ठिपक्याकडे बघा.
कुठला ठिपका?
त्या थोडा वेळ लिहीत राहिल्या.
मग म्हणाल्या, भिंतीला ओल आली की रंग फुगतो ना,
तसा तुमच्या डोळ्यातला पडदा
ऐन मध्यावर उचलला गेलाय.
जागा मोहरीएवढी.
पण सुईत दोरा तिथेच ओवला जातो,
माणूस तिथेच ओळखू येतो.
कडेचं सगळं शाबूत आहे. तुम्ही दारावर आपटणार नाही.
मी विचारलं, इंजेक्शन कुठे देणार?
त्यांनी सांगितलं.
मी पुन्हा विचारलं.

कागद आता फ्रिजवर, मनुकांच्या वेळापत्रकाशेजारी.
रोज सकाळी चांगला डोळा तळव्याने झाकायचा
आणि पारास्कोव्हियाला सांगायचं
रेघा कशा आहेत.
सरळ, मी सांगतो.
ती म्हणते, तू कागदाकडे बघतच नाहीयेस.

खोटं कशाला, बघायचं टाळतो.
कारण कागदानंतर तिची पाळी असते.
झाकल्या हातानेच मी वळतो:
रुमालाची गाठ दिसते, कानातली डूल दिसते,
हनुवटीखालची पीठ लागलेली बोटं दिसतात,
आणि या सगळ्यांच्या मध्ये
कोणीतरी अंगठ्याने पुसून टाकल्यासारखं
धुरकट काहीतरी, जे मला विचारत असतं,
चहा घेणार का.

मग युक्ती सापडली.
तिच्या डाव्या खांद्याकडे बघायचं,
खांद्यापलीकडच्या दाराच्या कडीकडे,
की ओठ हळूच कडेने येतात.
फिके, पण येतात.
आमच्या गावात बायकोकडे तिरकं बघणारा नवरा
चांगला समजत नाहीत.
तिमोफ्तेच्या बायकोने तिला तसं बोलूनही दाखवलं.
ती म्हणाली, बघतोय ना, बघू दे.

तिसऱ्या सुईनंतर आठवडाभर डोळ्यात
काळे बुडबुडे तरंगले. मग गेले.
काल दुपारी सहज पहिल्या खांबामागे उभा राहिलो,
जुनी खोड.
चांगला डोळा झाकला.
मध्यभागी अजून धूर होता,
पण त्याच्या काठाकाठाने रांग चालली होती,
सोळापर्यंत नीट,
आणि तिथे दोन खांब वाकडे.

वाकडे! मी इतक्या मोठ्याने ओरडलो
की गावरिल कात्री टाकून धावत आला.
सतरावा वाकडा आहे, अठरावाही.
होय काका, तो जपून म्हणाला, मार्चापासून आहेत.
उपटू का?

हात लावू नकोस.
उद्या सकाळी
परत वाकडे दिसतात का, ते बघायचंय मला.