कोटांच्या खिडकीतून

वुच शहरात, बंद पडलेल्या कापडगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
आता गॅलरी आहे. मी तिथे लोकांचे कोट सांभाळतो.
चाळीस नंबरचा बिल्ला हरवलाय,
अजून कुणी विचारलेलं नाही.

आतल्या दाराशी बोगुमिवाची खुर्ची.
एकोणीस वर्षं तिनं एकच वाक्य राखलं :
हात लावू नका.
पोरांना जरा हळू, मंत्र्यांना जरा मोठ्यानं.

मग फेब्रुवारीत इगा आली, केसांत पेन्सिल खोचलेली,
आणि छतापासून फरशीपर्यंत एक करडं कापड सोडलं.
काच नाही, दोरखंड नाही. नुसती पाटी :
एक धागा ओढा. घरी न्या.
बोगुमिवाला म्हणाली, तुम्ही आता काहीच बोलायचं नाही.

पहिल्या दिवशी लोक खिशात हात घालून उभे.
इतक्या वर्षांचं वळण एका पाटीनं जातं होय?
शेवटी एका शाळकरी पोरीनं ओढला
आणि झुंबड उडाली. कुणी मनगटाला बांधला,
कुणी चिमटीत धरून
सुतावरून स्वर्ग गाठणारं भाषण केलं.
माझ्याकडच्या कोटांना संध्याकाळपर्यंत करडी लव.

तिसऱ्या आठवड्यात कापडातून पलीकडची खिडकी दिसू लागली,
खिडकीतून थंड धुराडं.

बोगुमिवा खुर्चीतून उठली.
याच दालनात, त्या डाव्या खांबापाशी,
सतराव्या वर्षापासून ती सहा माग एकटी चालवायची.
तुटका धागा दिसला की हात आपसूक जातो,
असं चहा पिताना मला म्हणाली होती एकदा.
मी तेव्हा बिल्ले मोजत होतो.

तिनं बोट जिभेला लावलं. दोन टोकं जवळ आणली.
गाठ अशी बसली की मला दिसलीच नाही.
मग दुसरी. मग कितवी तरी.

व्येचोरेकसाहेब धावत आले : हात ला—
आणि उरलेलं वाक्य गिळलं.
इगाकडे पाहिलं. इगा पाटीकडे पाहत होती.
पाटीत ओढायचं होतं, जोडायचं नव्हतं.
सगळे नियम उठवणारीचा
हा एक नियम कुठेतरी शिल्लक राहिला होता.

बोगुमिवा मागं न वळता बोलली,
एकोणीस वर्षांतलं तिचं दुसरं वाक्य :
उजेडातून बाजूला व्हा.

साहेब झाले बाजूला.

सहा वाजून गेले. इगानं शिडी धरली होती,
मी बोगुमिवाचा कोट घेऊन ताटकळत होतो.
खाली शेवटची ट्राम घंटा वाजवत निघाली.
वरून आवाज आला :
अजून चारच आहेत.