निदान हा दिसतो

एकतीस वर्षं व्हर्लिन हॅस्केटनं
नाकावर पोट भरलं.
सेंट लुईसच्या दक्षिणेकडल्या विटांच्या घरांतून
रात्री-अपरात्री फोन यायचे गॅस कंपनीत
आणि हा तळघराच्या पायऱ्या उतरायचा,
यंत्र पिशवीतच ठेवून आधी एक श्वास घ्यायचा.
"बंबामागे. दुसरा सांधा."
यंत्र नंतर तेच म्हणायचं.

गॅसला स्वतःचा वास नसतो.
नासक्या अंड्यांचा तो वास माणसांनीच घातलेला,
माणसांनी वेळेवर घाबरावं म्हणून.

गेल्या हिवाळ्यात ताप आला, उतरला,
उतरताना वास घेऊन गेला.
कॉफी म्हणजे कडू गरम पाणी.
साबण म्हणजे बुळबुळीतपणा.
डोरीनच्या उशीबद्दल
तो कुणाशी काही बोलला नाही.

मे महिन्यात ग्रिलवरचं कव्हर काढलं,
सिलिंडरच्या चावीवर हात ठेवला,
हात तिथंच थांबला.
सांध्यावर फेस लावायचा, बुडबुडा फुगला की गळती,
हे त्यानंच शिकवलं होतं नव्या पोरांना.
आता बुडबुड्यांच्या भरवशावर जगायचं?
सिलिंडर दुकानात परत गेला.

मग शनिवारभर मागच्या गल्लीत खाटखूट.
गंजलेले स्क्रू, तेल पाजून पाजून सैल केलेले.
तीन बर्नर, त्यांच्या नळ्यांत कोळ्यांची घरं.
रेग्युलेटर. ठिणगीचं बटण, तुटकं.
शेजारचा फेरिद मुय्किच कुंपणावर कोपरं टेकून बघत होता,
आणि त्याच्या मते सगळंच चुकत होतं.
"ॲल्युमिनियम आहे हे. निखारा टेकला की संपलं."
गॅरेजमधून त्यानं भट्टीच्या विटा आणल्या,
कुठल्याशा बंद कारखान्यातल्या, नऊ,
त्यातली एक अर्धीच. तीही बसली.
विटांवर जाळीचा पत्रा. बुडाला भोकं,
झाकणाला दोन.
"खालून आत, वरून बाहेर," फेरिद छातीवर हात ठेवून म्हणाला,
"आपल्यासारखंच."

पुढची बटणं मात्र राहू दिली.
मंद, मध्यम, मोठी.
आता ती कशालाच जोडलेली नाहीत.

कोळसा धरायला पाऊण तास लागला.
गॅसवर एव्हाना जेवून भांडी घासून झाली असती.
मग धूर उठला, दाट, पांढरा,
सरळ व्हर्लिनच्या डोळ्यांत गेला
आणि तो बाजूला झाला नाही.
"निदान हा दिसतो," म्हणाला, "येताना."

फेरिदच्या बायकोनं चेवापी आणली होती,
खिम्याच्या बोटाएवढ्या वळ्या, ताटभर.
चरबीचा पहिला थेंब पडला, चुरचुरला.
"कसा येतोय?" व्हर्लिननं विचारलं.
फेरिद बराच वेळ इंग्रजी शब्द शोधत राहिला.
"माझ्या बापाच्या कोटासारखा," शेवटी म्हणाला,
"आम्ही डोंगर उतरून आलो तेव्हाच्या."
"कांद्यासारखा!" नात हाना ओरडली.

व्हर्लिननं दोन्ही ऐकून घेतलं,
मान हलवली,
जशी पूर्वी वहीत नोंद करायचा:
घर क्रमांक, वेळ, जागा.

तेवढ्यात एका कडेच्या वळ्या करपू लागल्या.
सगळ्यांना कळलं, त्याला सोडून.
हानानं धावत जाऊन
बटण मंद केलं.