झिजलेली जागा

कुमठेकर रस्त्यावर, मिरची-कांडपाच्या वर,
बोराशेठची व्हिडिओ लायब्ररी होती.
रात्रीचे दहा रुपये, अनामत म्हणून मनगटातलं घड्याळ.
संतपट दर्शनी, मारामारी मधल्या फळीवर,
आणि काउंटरखाली, शिंकत शिंकत काढून द्यायच्या त्या,
नाव नसलेल्या, नुसत्या पेनाने लिहिलेल्या:
कॅम्प एक, कॅम्प दोन, कॅम्प चार.
तीन कोणी परत आणलीच नाही.

आईला वाटे, कॅम्प म्हणजे आपला कॅम्प,
केक, चपला, इराण्याचा चहा.
मीही तिला तसंच वाटू दिलं.

सत्त्याऐंशीचा मे. ताम्हनकरांकडचे सगळे सांगलीला लग्नाला.
खिडकीवर गोधडी, पुढ्यात आंबेडाळ,
आम्ही पाच जण, आणि पडद्यावर तळं,
लाकडी खोल्या, शेकोटी,
आमच्याहून दोनच वर्षांनी मोठी मुलं अर्ध्या चड्ड्यांत,
आणि कुणाचेच आईबाप नाहीत. कुठेच.
सुरीसाठी बघतो असं आम्ही म्हणत होतो.
खरं तर त्या रात्रीसाठी बघत होतो
जिच्यात झोपा आता, असं कोणी म्हणत नाही.

हर्षद वहीत मांडायचा, कोण कोणाआधी गेलं.
त्याने नियम काढले, प्रमेयांसारखे:
'आलोच' म्हणून जातो तो येत नाही.
चुंबन घेणारे पुढच्या दहा मिनिटांत.
जी अभ्यासू, जिला कोणी नाचायला विचारत नाही, ती उरते.
मी म्हटलं, हे तर माझ्या आत्याचे नियम,
फक्त तिच्याकडे कुऱ्हाड नाही.
वृंदा इतकी हसली की डाळ सांडली.

कॅम्प दोनमध्ये एका जागी टेप झिजलेली होती.
चित्राला मुंग्या यायच्या, आवाज बसायचा.
लोक मागे नेऊन नेऊन पुन्हा बघत असणार.
तुम्हाला वाटेल, कुठली जागा ते कळलं.
आम्हालाही वाटलं होतं. पण नाही.
मुलगी नळावर दात घासते, थबकते,
मागे वळते.
मागे कोणी नसतं.
एवढंच.
अर्ध्या पुण्याने तेवढंच झिजवलं होतं.

पुढच्या वर्षी शाळेचं शिबिर, पानशेतला.
सहाला प्रार्थना, खो-खो, करपलेले पोहे.
शेकोटीशी आम्ही इनामदार सरांच्या मागे लागलो,
सर, भुताची सांगा.
सर बराच वेळ लाकडं सारखी करत राहिले.
मग म्हणाले, मी बारा वर्षांचा होतो, नारायण पेठेत,
हे समोरचं पाणी आमच्याकडे आलं होतं.
भरदिवसा. मुखवटा नव्हता.
कोण अभ्यासू, कोण कसलं, काही विचारलं नाही.
आमच्या शेजारचा बंडू छपरावरून म्हणाला,
मांजर घेऊन आलोच.

हर्षदने वही उघडली होती. ती मिटली.

रात्री वृंदा बॅटरी घेऊन बाहेर गेली.
आलेच, म्हणाली, मुद्दाम.
तंबूत आम्ही अकरा जणी, एकही श्वास नाही.
मग मागून माझ्या मानेवर गार, ओला हात.
तशी किंकाळी मी नंतर फक्त बाळंतपणात फोडली,
आणि त्यानंतरचं तसं हसू कधीच हसले नाही.

हर्षद आता विमा कंपनीत आहे.
अजून तेच मोजतो, पगार घेऊन.
वृंदा कॅनडात, खऱ्या तळ्याकाठी, आणि तिथे म्हणे
डास सोडून कोणी मारत नाही.

माझी ऋजुता काल मुळशीला गेली, शिबिराला.
मी संमतिपत्रावर तीन ठिकाणी सह्या केल्या.
दर तासाला ग्रुपवर फोटो येतात.
नऊ वाजताचा: शेकोटी, वीस मुलं, सगळ्यांचे दात,
मागे काळं पाणी.
मी दोन बोटांनी तो ताणते,
तिच्या खांद्यामागचा अंधार मोठा करते, आणखी मोठा,
चौकोन चौकोन होईपर्यंत.

कोणी नाही.

पुन्हा लहान करते.
पुन्हा ताणते.