चटई-यंत्राचं पुस्तक

मशीन निंगबोहून आलं, समुद्रातून, मग ट्रकने,
जळगावच्या एमआयडीसीत, ऐन मे महिन्यात.
सोबत दोनशे बारा पानांचं पुस्तक
आणि ते वाचायला मी,
पुण्यात तीन वर्षं चिनी शिकून परत आलेली,
शेठच्या तोंडी ‘आपली चायनावाली’.

ओळीत श्वास घ्यायला फट नसते.
शब्द कुठे संपला, पुढचा कुठे लागला
ते डोळ्यानेच सोडवायचं,
घडाच्या फण्या सोडवतात तसं,
पण विळा न लावता.
ला नाही, ने नाही, चा-ची-चे तर नाहीच.
आपल्याकडे माणूस कुत्र्याला चावला म्हणा
नाहीतर कुत्र्याला माणूस चावला म्हणा,
‘ला’ची गाठ ज्याच्या गळ्यात, तो सुटत नाही.
तिथे जागा बदलली
की दात बदलतात.

एका बाबतीत मात्र ते आपल्या गावचे:
‘काल रात्री तापवून गार न करता तसाच सोडलेला’
एवढं सगळं आधी,
आणि कोण ते सगळ्यात शेवटी. रोलर.
तोवर अख्खं वाक्य डोक्यावर धरून उभं राहायचं,
भरली पाटी उतरवायला
समोरून कुणी येईपर्यंत.

भटूदादा पारोळ्याकडचा, रात्रपाळीचा ऑपरेटर.
पुस्तकावर झुकून विचारायचा,
“ताई, आठे काय लिखेल शे?”
मी सांगायची, तो खडूने मशीनवर लिहायचा.
आधी पंखा. मग हीटर. मग दाणा.
पत्र्याखाली पंचेचाळीस डिग्री,
घामाने खडू ओला.

सत्त्याऐंशीव्या पानावर त्याने बोट ठेवलं.
“ताई, हाई पयले मांगे व्हतं ना?
आठे पुढे कसं?”

मी ते पान चारदा वाचलं होतं.
अपघात टाळण्यासाठी वीज बंद करा.
चारही वेळा तेच वाचलं होतं,
कारण तिथे तेच असायला हवं होतं.
छापणाऱ्याने दोन चिन्हांची अदलाबदल केली होती:
事故 च्या जागी 故事.
अपघाताच्या जागी गोष्ट.
गोष्ट टाळण्यासाठी वीज बंद करा.
माझ्या डोळ्याने मला न विचारता
दोघांना उचलून जागेवर बसवलं होतं.
परीक्षेत पहिली आले होते मी.
त्याला एक अक्षर येत नव्हतं,
म्हणून त्याला दिसलं
कोण पुढे, कोण मागे.

काय फरक पडतो ते सांगितलं तेव्हा
तो हसला नाही.
पानावरचं बोट उचललं फक्त.
डाव्या हाताचं मधलं,
अर्ध्यावर संपलेलं.

चहाच्या सुट्टीत, न विचारता, सांगू लागला.
जुनं मशीन, दुसरा शेठ, पोळ्याच्या आदल्या दिवशी.
मध्येच बायकोचा फोन, मध्येच दवाखाना,
मग परत बटण, मग बैलांची शिंगं रंगवायची राहिलेली.
माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना.
आधी बटण दाबलं का आधी हात गेला?
त्याने कपातली साय फुंकून बाजूला केली.
“आधी आवाज ऊना, ताई.
मंग बोट.”

दुसऱ्या दिवशी पाहते तर
वीजपेटीवर खडूने ती दोन चिन्हं,
खालून वर, उजवीकडून डावीकडे
कशाही रेघा ओढून काढलेली.
आत शिरताना आता
मी ती रोज दोनदा वाचते.